वर पाच, खाली तीन

सुवर्णाने बाबांची बॅग गुरुवारीच भरली. कार्यक्रम रविवारी, विमान सोमवारी सकाळी, आणि ती स्वतः शुगर लँडहून न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला पोचली गुरुवारी दुपारी. चहा टाकू का, असं तिची वहिनी शैला विचारेपर्यंत बाई बाबांच्या खोलीत जाऊन त्यांचे स्वेटर घडी घालून मोकळी झाली होती. पेशंटला आ करायला लावून पंचवीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला की समोरच्याच्या उत्तरासाठी थांबायची सवय सुटते.

शैलाने पाहिलं आणि ती गप्प राहिली. गप्प राहण्यात तिचा स्वार्थ होता आणि तो तिला नीट ठाऊक होता. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा, म्हणजे मोरेश्वरराव, तीन मुलांकडे पाळीने फिरत होते. चार महिने थोरल्या राजीवकडे, म्हणजे शैलाच्याच घरी, पार्सिपनीला, चार महिने सुवर्णाकडे शुगर लँडला आणि चार महिने धाकट्या सुशांतकडे ट्रॉयला. गेले दोन महिने ते काहीतरी सांगायला बघत होते. "शैला, पुढचं एकदा बोलून घेऊ या का?" अशी सुरुवात करायचे. त्यांना आता हे फिरणं नको होतं, शेवटपर्यंत एकाच घरात राहायचं होतं आणि ते घर हेच असावं असं वाटत होतं, हे शैलाने केव्हाच ओळखलं होतं. पण एकदा ते बोलले असते तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून ती "बाबा, काहीतरीच काय, शुभ बोला" म्हणत कुकर लावायला जायची. राजीवही तेच म्हणायचा. सुशांत व्हिडिओ कॉलवर तेच म्हणायचा. 'शुभ बोला' या दोन शब्दांवर या घराण्याने अकरा वर्षं निभावून नेली होती.

रविवारी बेसमेंटमध्ये सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस मधोमध खुर्चीत, भोवती एक्क्याऐंशी दिवे (बॅटरीवरचे, कारण स्मोक अलार्मने नातू नकुलच्या मुंजीत घातलेला गोंधळ कोणी विसरलं नव्हतं), चाळीसेक पाहुणे, एडिसनहून आलेले गुरुजी आणि टीव्हीच्या स्टँडवर टेकवलेल्या आयपॅडमध्ये सुशांत. बेसमेंटमधलं वायफाय मुळात अर्धमेलं, त्यामुळे सुशांतचं बोलणं मिनिटभर उशिरा पोचत होतं. तो हसायचा तेव्हा खाली वेगळंच काहीतरी चाललेलं असायचं.

साडेअकराला नकुलचे सासरचे आले. नकुल हा राजीव-शैलाचा एकुलता एक मुलगा, आणि त्याची बायको विनी च्याओ. विनी जन्मली न्यू जर्सीतच, पण मराठी शिकली ती नवऱ्याकडून नव्हे, मोरेश्वररावांकडून. मोरेश्वरराव साताऱ्याच्या आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवत असत. त्यामुळे ही पोरगी शर्टाला सदरा आणि पँटला इजार म्हणायची, आणि मराठी मंडळातल्या बायका तिला कौतुकाने पुन्हा पुन्हा बोलायला लावायच्या. तिच्याबरोबर तिचे वडील मिस्टर च्याओ होते, आई होती आणि शांतुंगहून आलेली, नव्वदीला टेकलेली आजी होती. आईच्या आईला त्यांच्यात लाओलाओ म्हणतात. पहिल्या दिवसापासून शैलाकडचेही सगळे तिला लाओलाओच म्हणत.

सुवर्णा जिन्याच्या तळाशी फेटे घेऊन उभीच होती. पुण्याहून खास मागवलेले, हिरवेगार, जरीकाठी. आलेल्या वीस पुरुषांच्या डोक्यावर ते चढलेही होते. तिने एकविसावा उचलला आणि मिस्टर च्याओंकडे निघाली.

मिस्टर च्याओ एक पायरी वर सरकले.

"अरे, लाजताय काय? बांधून देते, दोन मिनिटं," सुवर्णा म्हणाली.

मिस्टर च्याओ आणखी दोन पायऱ्या वर गेले. दोन्ही हात त्यांनी डोक्यावर ठेवले होते.

विनी धावत आली. "आत्या, नको. हिरवा नको."

"का? हिरवा शुभ असतो."

"आमच्यात पुरुषाने डोक्यावर हिरवं घातलं म्हणजे..." विनीने नवऱ्याकडे पाहिलं.

नकुलने मान खाली घालून सांगितलं, "मीन्स हिज वाइफ इज विथ समबडी एल्स. लाइक, पब्लिकली."

सुवर्णाने हळूच मान वळवली. बेसमेंटभर वीस मराठी पुरुष हिरवे फेटे मिरवत मठ्ठा पीत होते. लाओलाओ एकेकाकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर अपार करुणा होती. शेवटी तिची नजर राजीववर आली, मग शैलावर गेली आणि तिथेच बराच वेळ थांबली.

"ती काय विचार करतेय माझ्याबद्दल?" शैला पुटपुटली.

"शी इज इम्प्रेस्ड, आय थिंक," नकुल म्हणाला.

शैलाने घाईघाईने बांगड्यांचा डबा पुढे केला. लाओलाओच्या उजव्या मनगटात हिरव्या जेडचं कडं होतं. ते चाळीस वर्षांत निघालेलं नव्हतं, आणि आता काढायचं तर हात मोडावा लागेल असं ती अभिमानाने सांगायची. शैलाने डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भरायला घेतल्या. म्हातारीने बोटं अशी मऊ केली की कासारणीलाही नवल वाटावं.

"मनगटावर हिरवं चालतं ना?" शैलाने विचारलं.

"मनगटावर उत्तम. फक्त डोक्यावर नाही," विनी म्हणाली. "आणि आमच्याकडे बांगडी 'ताय' करतात. टोपी, अंगठी, चष्मा, सगळं ताय. सदरा, इजार, बूट मात्र चुआन. दोनच शब्द. तुमच्याकडे फार त्रास आहे. साडी नेसतात, बांगड्या भरतात, गजरा माळतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात."

"मी सगळं घालतो," नकुल म्हणाला.

"म्हणून तुझं मराठी असं आहे," विनी म्हणाली.

इथवर सगळं ठीक होतं. नंतर लाओलाओने लाल कापडाचं गाठोडं पुढे आणवलं. ते इतकं मोठं होतं की मिस्टर च्याओंनी ते दोन हातांनी उचललं होतं. मोरेश्वररावांच्या मांडीवर ते ठेवून म्हातारी थोडी वाकली आणि बराच वेळ बोलली.

विनीने सांगितलं, "लाओलाओ म्हणते, यंदा आमच्या पंचांगात सहावा महिना दोनदा आला. अशा जास्तीच्या महिन्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना कपडे द्यायचे असतात, त्यांना आयुष्य लाभतं. तुमच्याकडे नाही का अधिक महिन्यात जावयाला देतात? आजोबांनी मला सांगितलं होतं. हे तिने स्वतः शिवलंय. म्हणते, कपाटात नीट ठेवा. वर्षातून एकदा ऊन दाखवा."

गाठोडं उघडलं आणि बायकांच्या तोंडून एकदम "अय्या" निघालं. गडद निळं रेशीम, त्यावर गोल गोल अक्षरांची सोनेरी वेलबुट्टी. विनीनेही ते पहिल्यांदाच पाहिलं. सुंदर चिनी कोट आहे, एवढंच तिला कळलं.

"कपाटात कशाला? बाबा, आत्ता घालून या," राजीव म्हणाला.

"ती कपाटात ठेवा म्हणतेय, बाबा," विनीने सासऱ्याला पुन्हा सांगितलं.

"अगं, ते म्हणायची पद्धत असते. आपण नाही का आहेर घेताना 'कशाला आणलंत' म्हणतो? देणाऱ्याच्या समोर घडी मोडली नाही तर त्याला काय वाटेल? जा बाबा. सगळं घालून या. काही राहू देऊ नका."

यावर शैलाचं आणि सुवर्णाचं एकमत झालं. वर्षातून एखाद्याच वेळी असं व्हायचं, त्यामुळे विनीचं कोणी ऐकलं नाही.

मोरेश्वरराव आपल्या खोलीत गेले. कोपऱ्यात सुवर्णाने भरलेली बॅग उभी होती. तिच्याकडे पाठ करून त्यांनी गाठोडं पलंगावर पसरलं आणि चष्मा लावला. शिवण पाहिली आणि त्यांना फार बरं वाटलं. अकरा वर्षांत त्यांना मुलांनी जे काही दिलं ते सगळं मॉलमधलं, यंत्राने भराभरा उरकलेलं. इथे टाका न् टाका हाताचा होता, आणि म्हातारीचा हात अजून कापत नव्हता.

पण एकेक नग हातात घेताना त्यांच्यातला मास्तर बुचकळ्यात पडू लागला. वर घालायचे पाच नग. आतला सुती सदरा, त्यावर अस्तराचा, त्यावर कापूस भरलेला, मग लांब झगा आणि त्यावर तो निळा कोट. खाली तीन इजारी, त्यातली एक कापसाची. ऑगस्टात? एकालाही बटण नव्हतं, नुसते बंद होते. खिसा कुठेच नव्हता. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या. आणि बुटांचं तर त्यांना काही कळेचना. वरून साधे कापडी, आणि तळव्याला कमळं भरलेली. जे पायाखाली जायचं त्यावर इतकी कलाकुसर कोण करतं? हे बूट चालायला केलेलेच नाहीत, असं त्यांच्या मनात आलं. गाठोड्यात शेवटी एक टोपी आणि एक छोटी उशीही निघाली.

राजीवने काही राहू देऊ नका म्हणून बजावलं होतं. आठही नग अंगावर चढवून, बूट-टोपी घालून, उशी काखेत मारून मोरेश्वरराव खाली आले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी फोटो काढला. कोणीतरी "बाबा, एकदम मँडरिन!" म्हणून ओरडलं. मोरेश्वररावांनी भरजरी बाह्या सावरत लाओलाओला नमस्कार केला.

मिस्टर च्याओंच्या हातातली बासुंदीची वाटी गालिच्यावर पडली. विनीची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लाओलाओ मोरेश्वररावांजवळ गेली, त्यांच्या छातीवर हात ठेवला, मग नाडी पाहिली आणि विनीला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" विनी म्हणाली.

"उत्तम वाटतंय. जरा उकडतंय."

लाओलाओ पुन्हा बोलली. या वेळी विनीने लगेच सांगितलं नाही. तिने आजीला उलट विचारलं, आजीने उत्तर दिलं, आणि विनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय म्हणते?" सुवर्णाने विचारलं.

"आत्या, ती म्हणते, हे कपडे माणसाने स्वतः घालायचे नसतात." विनीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्याला घालतात."

"कोण घालतं?"

"घरातले. नंतर."

"कशानंतर?"

बेसमेंटमधल्या सगळ्यांना एकदमच कळलं. वीस फेटे एकदम मागे सरकले. अध्यक्षांनी गुपचूप फोनमधला फोटो डिलीट केला. आणि तेवढ्यात आयपॅडमधून सुशांतचा आवाज पोचला, "वॉव, बाबा! काय फिटिंग आहे! जणू तुमच्यासाठीच बनवलंय! मलापण एक मागवा ना!"

"काढा ते!" सुवर्णा किंचाळली. "राजीवदादा, काढायला सांग त्यांना! शुभ दिवशी त्या बाईने... गुरुजी, काहीतरी करा ना!"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "यावर शांत सांगता येईल. पण मला दीडला वास्तुशांत आहे. तूर्त वस्त्र उतरवावं आणि यजमानांनी स्नान करावं."

"बाबा, चला वर," राजीव म्हणाला.

मोरेश्वरराव खुर्चीत जाऊन बसले. उशी त्यांनी पाठीशी घेतली. "नाही काढणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही काढणार. मला बोलायचंय."

"बाबा, शुभ बो..." राजीवने सुरुवात केली आणि तो मध्येच थांबला. मरणाचे कपडे घालून बसलेल्या माणसाला शुभ बोला म्हणून सांगता येत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं. मोरेश्वररावांच्या लक्षात ते आधीच आलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना अडवायला कोणाकडे काही नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की तीन इजारींतला घामही ते विसरले.

"मी एक दिवस मरणार आहे," ते मजेत म्हणाले. मंडळातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. "आज नाही. पण मरणार. तुम्ही तिघं मला दर चार महिन्यांनी विमानात घालता. एअरपोर्टवर व्हीलचेअर, बेल्ट काढा, बूट काढा. सकाळी उठल्यावर बाथरूम डावीकडे आहे की उजवीकडे, हे मला रोज आठवावं लागतं. मला आता एका घरात राहायचंय. सोमवारी मी जाणार नाही. आणि कोणी नेलंच, तर मी याच कपड्यांत विमानात बसेन."

"बाबा!" सुवर्णा म्हणाली.

"सिक्युरिटीवाल्यांना खिसे रिकामे करून दाखवायला नकोत. खिसेच नाहीत."

लाओलाओने विनीकडून सगळं समजून घेतलं. मग ती सरळ गेली, मोरेश्वररावांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि हातांची घडी घातली. मिस्टर च्याओ दोन वाक्यं चिनीत बोलले, तर तिने त्यांना एका शब्दात गप्प केलं. आता एक संपकरी होता, त्याचे दोन झाले.

राजीवने बायकोला बाजूला घेतलं. "निदान हे कपडे तरी घरात नकोत. सुवर्णाबरोबर पाठव."

"माझ्या घरात? अजिबात नाही! माझ्या सासूबाई येणार आहेत नवरात्रात," सुवर्णा म्हणाली. "घरात एवढं अशुभ ठेवू? त्यांचं गिफ्ट, त्यांना परत द्या."

हे विनीने आजीला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण ती प्रामाणिक मुलगी होती. लाओलाओ उठली, सुवर्णासमोर गेली आणि तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, या कोण?" विनी म्हणाली.

"कोण म्हणजे? मी यांची मुलगी!"

विनीने सांगताच लाओलाओने दोन्ही हात तोंडावर घेतले. बांगड्या खळाळल्या. ती कितीतरी वेळ बोलत होती, आणि विनी ऐकता ऐकता लाल होत होती.

"आत्या, रागावू नका. आमच्यात हे कपडे मुलीने द्यायचे असतात. जास्तीच्या महिन्यात, मुलीनेच. लाओलाओने मला मे महिन्यात विचारलं, आजोबांचे कपडे तयार आहेत का? मला वाटलं, ती आजच्या कार्यक्रमाचं विचारतेय. मी म्हटलं, नाहीत. तर तिला वाटलं..." विनीने आजीकडे पाहिलं. "तिला वाटलं, यांना मुलगीच नाही. बिचाऱ्यांचं कोण करणार, म्हणून तिने शिवले."

"पण लग्नात बघितलं ना तिने मला!"

"लग्नात तुम्ही वॉकी-टॉकी घेऊन फिरत होतात. तिला वाटलं, तुम्ही वेडिंग प्लॅनर."

सुवर्णाचा चेहरा असा पडला की तिच्यावर चार दिवस धुसफुसणाऱ्या शैलालाही वाईट वाटलं. सुवर्णा थोडा वेळ त्या निळ्या रेशमाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मग ते कपडे माझे. मी नेणार. माझ्याकडे राहणार ते."

"आत्ता तर अशुभ होते," शैलाच्या तोंडून गेलं.

"वहिनी, तू मध्ये पडू नकोस. मुलीने द्यायचे असतात. ऐकलंस ना?"

"एक मिनिट," राजीव पुढे आला. "दिले माझ्या घरात, माझ्या सुनेच्या आजीने. ते इथून हलणार नाहीत." पाचच मिनिटांपूर्वी ते घरात नकोत म्हणणारा हाच, पण बहिणीने हात घातलेली वस्तू सोडायची नाही हा नियम तो सातव्या वर्षापासून पाळत आला होता.

आयपॅडमध्ये खरखर झाली. "पाठवा की इकडे," सुशांत म्हणाला. "ट्रॉयचं बेसमेंट ड्राय आहे. डिह्युमिडिफायर आहे, यार."

तिघं भावंडं एकाच वेळी बोलू लागली. कोणाच्या घरी कपाट मोठं, कोणाच्या घरी कसर नाही, कोणी आईच्या साड्या कशा ठेवल्या. मोरेश्वरराव खुर्चीतून मजा पाहत होते. आपल्यासाठी मुलं अशी कधी भांडली नव्हती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्याचं थोडं दुःख झालं. मग त्यांनी उशीवर थाप मारली.

"कपड्यांचं नंतर बघू. आधी माणसाचं बोला. मला इथे राहायचंय, पार्सिपनीला. शैलाची हरकत नसेल तर."

सगळं घर शैलाकडे वळलं. पाहुण्यांनी मठ्ठ्याचे पेले खाली ठेवले. आता जगातली कुठलीही सून म्हणते तेच ती म्हणणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शैलालाही माहीत होतं. "हरकत कसली, तुमचंच घर आहे" हे वाक्य तिच्या ओठांवर आलंही. पण समोर हा माणूस मरणाचे कपडे घालून खरं बोलत बसलेला, आणि त्याच्यापुढे खोटं बोलायची तिला लाज वाटली.

"आहे हरकत," शैला म्हणाली.

राजीवने डोळे मिटले.

"तुम्ही पहाटे पाचला मिक्सर लावता बाबा. खोबऱ्याची चटणी पाचला कोणाला लागते? मी आंघोळीला गेले की माझे ब्लाउज उसवून नीट शिवून ठेवता. मला आवडत नाही ते. फोन स्पीकरवर लावून माझ्यादेखत सुवर्णाला सांगता, इकडे भाजीत गूळ कमी असतो. आणि चार महिने संपत आले की मी दिवस मोजते. गेल्या वर्षीही मोजले. मला वाईट वाटतं, पण मोजते." तिने पदर खोचला. "मी सत्तावन्न वर्षांची आहे. मला एकटीला नाही जमणार. दुपारी कोणीतरी ठेवावं लागेल, सुवर्णाने आणि सुशांतने वर्षातून महिना महिना इथे येऊन राहावं लागेल, आणि मी सुट्टीवर जाईन. हे सगळं होणार असेल, तर राहा. मनापासून राहा."

मोरेश्वररावांनी एक बाही वर करून डोळे पुसले. बाही वीतभर जास्त होती, त्यामुळे ते सोयीचं झालं.

"ब्लाउजला हात लावणार नाही," ते म्हणाले. "गुळाचं बोलणार नाही. मिक्सरचं बघू."

"सातनंतर."

"साडेसहा."

"सात, बाबा."

"बरं, सात."

आयपॅडमधून सुशांतने एकदम टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी होत्या ते कोणालाच कळलं नाही. गुरुजींनी मात्र ती संधी साधून उरलेलं औक्षण चार मिनिटांत आटपलं आणि ते वास्तुशांतीला गेले.

जेवणं झाल्यावर बाबा वर गेले. मागोमाग सुवर्णा गेली. कोणी पाठवलं नव्हतं, तिची तीच गेली. ते पलंगावर बसून बंद सोडवत होते आणि लांब बाह्यांतून बोटं सापडत नव्हती. ती पुढे झाली आणि तिने निळ्या कोटाचा बंद सोडला. मग झग्याचा, मग कापसाच्या बंडीचा. एकेक उतरवून ती लाओलाओने खाली दाखवली होती तशी घडी घालत गेली. पाचवा सदरा निघाला तेव्हा आत बाबांचा नेहमीचा बनियन होता, घामाने चिंब. त्यांचे खांदे किती लहान झालेत हे तिला आज दिसलं.

"रागावलीस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"शैलाकडे राहतो म्हणालो म्हणून?"

"मी काही बॉसी म्हणून नेत नव्हते तुम्हाला." सुवर्णाने सदऱ्याची घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. "आईच्या वेळी मी साताऱ्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दादा होता, सुशांत होता. मला अंगणात नुसती रिकामी खाट दिसली. तिला कुठली साडी नेसवली होती, ते मी शेजारच्या बाईंना विचारलं. म्हणून मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे असताना... निदान तुमच्या वेळी मी तिथे असेन."

बाबांनी पलंगावरची चळत तिच्याकडे सरकवली. वर पाच, खाली तीन, बूट, टोपी आणि उशी.

"हे तू घेऊन जा," ते म्हणाले. "मी इथे राहतो. कपडे तुझ्याकडे राहू देत."

"म्हणजे?"

"म्हणजे वेळ आली की या लोकांना तुला बोलवावंच लागेल. कपडे घेऊन यायला."

सुवर्णाने दोन्ही हातांनी ती चळत छातीशी धरली.

"आणि मला उशीर झाला तर? फ्लाइट चुकली तर?"

"तर मी थांबेन," बाबा म्हणाले. "कपड्यांशिवाय कसा जाणार?"